क्रेनवर माणसाचा दोर नेमका कुठं बांधायचा? (वाड्यातली चिंच उतरवायची आहे)

गावभागकर

नमस्कार मंडळी,

सांगलीत गावभागात आमचा जुना वाडा आहे. परसात चिंचेचं झाड आहे. आजोबांच्या लहानपणीही ते एवढंच मोठं होतं म्हणतात. २०१९ च्या पुरानंतर ते एका अंगानं वाळत गेलं. बुंध्याशी बुरशीच्या छत्र्या आल्या आहेत आणि खोडावर ठोकलं की पोकळ आवाज येतो. महापालिकेची माणसं येऊन पाहून गेली, परवानगी हातात आहे.

अडचण अशी की झाड पाडायला जागाच नाही. एका बाजूला आमचं कौलारू छप्पर, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्यांचा स्लॅब, पलीकडं विजेची लाइन. तुकडे करून, वाड्यावरून उचलून रस्त्यावर ठेवावे लागणार. ठेकेदार म्हणतो, "हायड्रा (टायरवर चालणारी छोटी क्रेन) मागवू. पोराला हुकाला बांधून वर सोडतो, तो फांदी कापेल, त्याच हुकानं फांदी खाली घेऊ. रोजचंच काम आहे." चढणारा मुलगा पंचविशीचा आहे. त्याला विचारलं तर म्हणाला, "काका, कमरेला दोर असतोय की."

मला हे पटत नाही, पण यात नेमकं काय चुकतंय ते त्याला सांगताही येत नाही. क्रेनवर माणूस टांगायचाच असेल तर त्याचा दोर कुठं आणि कसा बांधावा? हे काम केलेल्यांनी किंवा जवळून पाहिलेल्यांनी कृपया लिहा.

---

मिरजेचा खलाशी

दादा, हुकात माणसाचा दोर घालायचाच न्हाई. का ते सांगतो. फांदी उचलायचा पट्टा, म्हंजे बेल्ट, हुकात अडकवायचा तर हुकाची जीभ उघडावी लागती. आन् ती उघडणारा माणूस त्याच हुकाला लोंबतोय! दुसरं, हूक फांदीवर टेकला की दोर ढिला पडतो, सरकून जिभेवर येतो. जीभ म्हंजे स्प्रिंगची पट्टी, तिच्यावर वजन घ्यायला ती केलेलीच न्हाई. निम्म्या जुन्या हुकांना ती जाग्यावर पण नसती.

कमरेला दोर बांधून तर अजिबात सोडू नका. मांड्यांत पट्टे असलेला, बसता येईल असा हार्नेस पायजे.

---

रानवाटा

हरिपूर रस्त्यावरून जाताना चिंचांची सावली लागते ना, तसलंच झाड असणार तुमचं. वाईट वाटलं वाचून. वाचवता येणारच नाही का? वरचा भार कमी करून?

---

गावभागकर

@रानवाटा, दोन जाणत्या लोकांना दाखवलं. पोकळी बुंध्यात आहे आणि झाड घरांकडं कललेलं आहे. भार कमी केला तरी खालचा आधार परत येत नाही, असं दोघंही म्हणाले. खूप विचार करून निर्णय घेतलाय.

---

दूरदेशी वाईकर

मूळचा वाईचा, सध्या अमेरिकेत झाडांचंच काम करतो. इथं क्रेनवरून झाड उतरवणं नेहमीचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इथल्या झाडकामासाठी एएनएसआय झेड-१३३ हे राष्ट्रीय मानक आहे. क्रेननं माणूस उचलायला ते परवानगी देतं, पण ती सरसकट नाही. दुसरे मार्ग याहून जास्त धोक्याचे असतील तेव्हाच, आणि प्रशिक्षित माणसालाच. खलाशीभाऊंनी हुकाचं सांगितलं ते अगदी बरोबर. माणसाचा दोर मालाच्या साखळीपासून, बेल्टपासून पूर्ण वेगळा हवा आणि त्याला स्वतःची ठरलेली जागा हवी. ट्रकवरच्या एकपदरी दोराच्या क्रेनला हुकाच्या वर लोखंडी गोळा असतो. आम्ही त्या गोळ्याच्याही वर, वायर रोपभोवती मोठा बो-शॅकल (धनुष्यासारखी पोलादी कडी) बसवतो आणि तो खाली सॉकेटवर, म्हणजे वायर रोपच्या टोकाच्या जाड खोबणीवर बसतो. हूक उघडा असो, बंद असो, त्यात माल असो वा नसो, माणसाच्या दोराला त्याचं काही देणंघेणं उरत नाही.

शॅकल नट-बोल्टचा आणि बोल्टला वर कॉटर पिन, असाच घ्या. नुसत्या आट्यांच्या पिनचा नको. दोर हलत राहिला की पिन फिरते आणि आटे सुटत जातात. चढायचा दोर वायर रोपला घासू देऊ नका. वायर रोपचे तुटके तंतू आणि ग्रीस, दोन्ही कापडी दोराचे शत्रू. मध्ये गुळगुळीत पोलादी कडी किंवा कप्पी हवी. आणखी एक, बूमच्या टोकाशी लिमिट स्विचचं वजन लोंबत असतं. हूक फार वर गेला की ते उचललं जाऊन यंत्र थांबतं. आपला शॅकल त्यात अडकत नाही ना, हे माणूस चढवायच्या आधी रिकाम्या हुकावर पाहायचं.

दोर किमान १२.७ मिमी जाडीचा आणि नवा असताना २४ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २,४०० किलोच्या वर तुटणारा. कॅराबिनर (दोर अडकवायच्या उघडझाप कड्या) आपोआप बंद होऊन कुलूप लागणारे.

आणि यात सर्वांत महत्त्वाचं: क्रेनवर फांदीचा भार येतो त्या वेळी माणूस क्रेनला बांधलेला नसावा. क्रेननं वर जायचं, झाडाच्या धडक्या भागाला स्वतःला बांधून घ्यायचं, मग क्रेनचा दोर सोडायचा. बेल्ट लावायचा, बाजूला सरायचं आणि मगच काप.

---

पलूसकर

मी कारखान्यात सुरक्षा विभागात आहे. वाईकरांबद्दल आदर ठेवून स्पष्ट लिहितो, हे वाचून कुणी सांगलीत प्रयोग करू नये. अमेरिकेतच सर्वसाधारण उद्योगांच्या क्रेन नियमात हुकावर किंवा मालावर माणूस असताना उचलायला मनाई आहे. बांधकामाच्या नियमात सवलत आहे, पण तिला अटी लावलेल्या आहेत: एकूण वजन त्या त्रिज्येतल्या (क्रेनपासून मालापर्यंतच्या आडव्या अंतरातल्या) क्षमतेच्या ५० टक्क्यांच्या आत, आधी चाचणीची उचल, उतरताना इंजिनाच्या ताकदीनं, फ्री-फॉल (ब्रेक सोडून दोर मोकळा सोडणं) अजिबात नाही.

आपल्याकडं २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम २९ प्रमाणे उचल यंत्राची, साखळ्यांची आणि दोरांची १२ महिन्यांतून एकदा तरी सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी लागायची आणि सुरक्षित भार यंत्रावर स्पष्ट लिहिलेला लागायचा. वाड्याच्या परसाला कारखान्याचा कायदा लागू होत नाही. म्हणूनच तिथं येणाऱ्या यंत्राकडं कुणी कागद मागत नाही. तुम्ही मागा. कागद नसेल तर यंत्र परत पाठवा.

माझं मत: बास्केटची बूम लिफ्ट (माणसाला पाळण्यात उभं करून वर नेणारं यंत्र) आणा आणि माणूस क्रेनला बांधूच नका.

---

कडेपूरचा नाना

धाग्याचा मुख्य प्रश्न राहिलाच. चिंचा कुणाच्या?

---

गावभागकर

नाना, चिंचा शेजारच्या काकूंना, चिंचोके त्यांच्या नातवंडांना. सगळं आधीच वाटून झालंय.

---

ऑपरेटर कराड

हायड्रावर वीस वर्सं काढली, तवा त्याबद्दल हक्कानं बोलतो. ठेकेदार हायड्रा म्हणतोय तितंच पयली मेख हाय.

एक. नेहमीच्या हायड्राचा बूम फिरत न्हाई. माल आडवा न्यायचा तर अख्खी गाडी वळवावी लागती. म्हंजे पोरगं वर लोंबतंय आन् खाली गाडी चालतीय. चाक खड्ड्यात जरा गेलं की वर दोन-तीन हाताचा झोका.

दोन. बहुतेक हायड्राला जॅक (गाडी जमिनीवर टेकवायचे पाय) नसत्यात, टायरवर उभी. गावभागातली माती काळी, वर फरशी असली तरी खाली काय हाय कुणाला ठाऊक. जुन्या वाड्यात शोषखड्डे, बुजवल्याल्या विहिरी असत्यात.

तीन. १४ टनी म्हंत्यात ते बूम आखूड आन् माल नाकाजवळ असताना. बूम लांब काढून वाड्यावरनं चिंचेपत्तूर पोचला की तो आकडा कुठल्या कुठं जातो. लोड चार्ट, म्हंजे किती अंतरावर किती वजन झेपतंय त्याचा तक्ता, केबिनमधी असतोय. नसला तर ते यंत्र कामाचं न्हाई.

चार. हायड्राचा हूक-ब्लॉक चार पदरी असतो. वाईकर म्हंत्यात तसा वर शॅकल बसवायला जागाच न्हाई. मग लोक बूमच्या टोकाला कडी वेल्डिंग करत्यात. यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या लेखी परवानगीबिगर बूमवर वेल्डिंग म्हंजे पोलादाची ताकद घालवणं.

तवा हायड्रा नको. जॅकवाली, फिरत्या बूमची ट्रक क्रेन घ्या, चारी जॅक पुरते उघडून, खाली रेल्वेचे स्लीपर टाकून.

---

रानवाटा

ऑपरेटरदादा, हे सगळं ठेकेदारांना कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवलं पाहिजे. फार मोलाचा प्रतिसाद.

---

पाटणचा झाडी

मी स्वतः चढतो. सिल्व्हर ओक, निलगिरी, आंबा, सगळं उतरवलंय. वाईकर म्हणतात की काप घेताना झाडाला बांधून घ्या. पण इथं झाडच पोकळ आहे. पोकळ झाडाला बांधून घेणं म्हणजे त्याच्याबरोबर जाण्याची तयारी. मला विचाराल तर मी अशा वेळी क्रेनलाच बांधून राहीन.

---

दूरदेशी वाईकर

@पाटणचा झाडी, खरा पेच तुम्ही बोलून दाखवलात. मानकातही हा अपवाद धरलेला आहे. दुसरे सगळे मार्ग पाहून झाले असतील आणि झाडाला बांधणं क्रेनला बांधण्यापेक्षा जास्त धोक्याचं असेल, तर भार असतानाही क्रेनला बांधून राहता येतं. पण तो शेवटचा मार्ग आहे. त्यामागचं कारण सांगतो.

फांदी झाडापासून सुटते तेव्हा वजनाचा अंदाज चुकलेला असेल तर भार एकदम क्रेनवर येतो आणि बूम गळाच्या काठीसारखा लवतो. उलट, ताण जास्त घेतलेला असेल तर तो वर उसळतो. दोन्ही वेळी माणसाचा दोर त्याच बूमवर असला की तोही ओढला जातो, आणि हातात चालू चेनसॉ असतो. त्यात फांदी फिरली, तर माणूस आणि ओंडका एकाच दोराच्या टोकाला एकमेकांच्या वाटेत येतात.

म्हणून अपवाद वापरायचाच झाला तर तुकडे फार लहान करा. वजन अंदाजानं ठरवू नका, हिशेब मांडा. ६० सेंमी व्यासाचा, २ मीटर लांब ओंडका: ०.६ गुणिले ०.६ गुणिले ०.७८५ गुणिले २, म्हणजे सुमारे ०.५७ घनमीटर. ओलं लाकूड घनमीटरला १,००० किलो धरलं तर ५७० किलो. चिंच जड लाकडाची, तेव्हा वर आणखी चौथाई धरा आणि ७०० चा तुकडा समजून चाला.

---

पाटणचा झाडी

पटलं. लहान तुकडे हे आम्ही करत नाही हे खरं आहे. क्रेन तासावर असते, मालक घाई करतो.

---

मिरजेचा खलाशी

वजनाचा इषय निघाला तर बेल्टचे रंग ध्यानात ठेवा: जांभळा १ टन, हिरवा २, पिवळा ३, करडा ४, लाल ५. पण फांदीला फास मारून लावला की त्याची ताकद ८० टक्क्यांवर येती. म्हंजे हिरवा १.६ टन. लेबल फाटल्याला, कडा कातरल्याला बेल्ट वापरायचा न्हाई, कितीबी जाड दिसंना.

---

कोरेगावची सुमन

सगळे दोराबद्दल बोलताय म्हणून वेगळं लिहिते. झाडावर आग्या मोहोळ आहे का ते बघा! आमच्याकडं आंब्याची फांदी काढताना चेनसॉचा आवाज झाला आणि माश्या उठल्या. खालची माणसं पळून घरात शिरली. वर दोराला लोंबकळणारा माणूस कुठं पळणार? आमचा कापणारा शिडीवर होता म्हणून सरसर उतरला, तरी दवाखान्यात न्यावं लागलं. जुन्या चिंचेच्या पोकळीत साध्या मधमाश्यांचं पोळंही असतं, ते खालून दिसत नाही. मधमाश्या पाळणाऱ्या जाणत्या माणसाला आधी बोलवा, ते पोळं नीट हलवतात.

---

पलूसकर

सुमनताईंच्या मुद्द्यावरून पुढचा प्रश्न येतो: वर अडकलेला माणूस खाली कसा येणार? हायड्रॉलिक पाइप फुटला, इंजिन बंद पडलं, तर तो तिथंच लोंबणार. हार्नेसमध्ये हालचाल न करता लोंबत राहिलं तर पायांत रक्त साचतं, माणूस बेशुद्ध होऊ शकतो. तिथं मिनिटांचा खेळ असतो. अग्निशमन दल येईपर्यंत थांबण्याला योजना म्हणत नाहीत.

---

दूरदेशी वाईकर

@पलूसकर, यावर आपलं दोघांचं एकमत आहे. म्हणूनच आम्ही माणसाला आखूड पट्ट्यानं क्रेनला कधीच अडकवत नाही. चढायचा पूर्ण दोर लावतो, दुपदरी, टोकं जमिनीपर्यंत पोचतील एवढा लांब, आणि हार्नेसवर सरकगाठ किंवा उतरायचं यंत्र. क्रेन बंद पडली तरी तो स्वतःच्या हातानं खाली येतो. तो जखमी झाला तर वर जाऊ शकेल असा, तितकाच तयार दुसरा माणूस खाली हार्नेस घालून उभा असतो.

सांगलीत हे जमवता येत नसेल, तर माझाही सल्ला पलूसकरांचाच: बास्केट आणा.

---

तासगावकर

अवांतर होतंय, पण मिरज तालुक्यातल्या भोश्याचा वड आठवला. रत्नागिरी–नागपूर महामार्गात जात होता, २०२० मध्ये लोक उभे राहिले आणि आखणी बदलून तो वाचला. २०२२ मध्ये तो कोसळला. वाचवलेल्या जुन्या झाडाचीही दर पावसाळ्याआधी जाणकाराकडून तपासणी व्हायला हवी, एवढंच म्हणायचंय.

गावभागकर, तुमची परवानगी महाराष्ट्र नागरी क्षेत्र झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ खाली असेल. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष धरलं जातं आणि तोडलं तर त्याच्या वयाइतकी झाडं लावायची अट असते. कागद नीट वाचा.

---

गावभागकर

तासगावकर, हो, ती अट कागदात आहे. जागा शोधतोय. कुणाच्या शेताच्या बांधावर चिंच, जांभूळ लावायची असेल तर जरूर कळवा, रोपं आणि पहिल्या दोन वर्षांचं पाणी आमच्याकडून.

बाकी सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. ठेकेदाराला वाचून दाखवले. आधी चिडला, मग ऑपरेटरदादांचा हायड्राचा मुद्दा त्यालाही पटला. काल ट्रक क्रेनवाले येऊन जागा मोजून गेले. आता चित्र असं:

शेजारी त्यांच्या अंगणाचं फाटक काढून द्यायला तयार आहेत, तिथून बास्केटची लिफ्ट आत येते. तिच्यातून जवळजवळ सगळं झाड हाताशी येतं. क्रेन रस्त्यावर उभी राहील आणि फक्त माल उचलेल. पण वाड्याच्या मधोमध गेलेल्या वरच्या दोन फांद्यांपर्यंत बास्केट पोचत नाही. झाडकाप्या मुलानं दुर्बिणीनं आणि ठोकून पाहिलं. त्या फांद्या जिथून फुटतात तो भाग हिरवा, टणक आहे. पोकळी खाली बुंध्यात, एका अंगाला.

त्या दोन फांद्यांपुरता मूळ प्रश्न उरतोच. माणूस क्रेननं वर न्यायचा का?

---

पलूसकर

त्या फांद्या सर्वांत आधी काढा, झाडाचा खालचा तोल बिघडायच्या आत. आणि क्रेननं उचलायच्या आधी हे विचारा: बास्केटमधून जवळच्या टणक फाट्यापर्यंत जाऊन तिथून तो दोरानं चढू शकतो का? जमत असेल तर क्रेन माणसासाठी लागतच नाही.

---

पाटणचा झाडी

जमेल असं दिसतंय, पण बास्केट सोडून झाडावर जाताना तो क्षण धोक्याचा. झाडाला दोर बांधून, त्यावर वजन टाकून बघायचं, मग बास्केटचा हूक काढायचा. दोन्ही दोर एकाच वेळी सुटलेले असता कामा नयेत.

---

दूरदेशी वाईकर

पलूसकरांचा मार्ग पहिला, तोच करा. तो जागेवर गेल्यावर जमला नाही आणि क्रेन वापरावीच लागली, तर क्रम असा ठेवा. सकाळी त्या माणसाच्या वजनापेक्षा जड वाळूची पोती त्याच शॅकलवर, त्याच वाटेनं, जिथं तो जाणार तिथपर्यंत नेऊन आणायची. मग माणूस. हूक रिकामा. तो झाडाला बांधून घेतो, झाडाच्या दोरावर पूर्ण वजन टाकून पाहतो, क्रेनचा दोर काढतो आणि तोंडानं सांगतो, "दोर सुटला." हे शब्द ऐकल्याशिवाय ऑपरेटरनं मालाच्या बेल्टवर ताण घ्यायचा नाही. हेडसेटवर बोलणं तुटलं तर यंत्र जागच्या जागी थांबवायचं.

विजेची लाइन बंद करून, अर्थिंग करून घ्या, आणि तसं लेखी घ्या. कुणीतरी फोनवर बंद केली म्हणणं पुरत नाही.

---

ऑपरेटर कराड

इशारा देनारा एकच माणूस. खालनं चौघं ओरडाय लागलं की ऑपरेटरचं डोकं फिरतंय. पण थांब म्हनायचा हक्क सगळ्यास्नी. आन् दुपारी वळवाचा वारा सुटला की बूम खाली. उरलेलं काम उद्या.

---

कडेपूरचा नाना

आणि काकूंना सांगा, चिंचा गोळा करायला त्या दिवशी अंगणात यायचं नाही. भार वर असताना खाली कुणी नको. हे गमतीत घेऊ नका.

---

गावभागकर

नाना, काकू त्या दिवशी लेकीकडं विश्रामबागला जाणार आहेत, ठरलंय. मुलाचा विमा काढला. माश्यांसाठी एकजण परवा येऊन पाहणार आहेत. क्रेनवाल्यांनी तपासणीचा दाखला दिला, पण लोड चार्ट इंग्रजीत आहे आणि त्रिज्येचा तक्ता मला नीट कळत नाही.

---

ऑपरेटर कराड

चार्टचा फोटो व्यनि (खाजगी निरोप) करा. क्रेन उभी कराय्ची जागा ते बुंधा, आन् बुंधा ते त्या दोन फांद्यांचं टोक, हे अंतर टेपानं मोजून मीटरमधी पाठवा. एका वेळी किती किलोचा तुकडा घ्यायचा ते लिहून देतो. त्याच्या वर एक किलो न्हाई.

---

गावभागकर

मोजून ठेवलंय. आत्ताच पाठवतो.